एका मज्र्याला एक माणूस

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुम्ही तिकडे एचआरमध्ये होतात ना, मग परदेशात यशस्वी झालेल्या स्त्रीचं मनोगत लिहा." मी म्हटलं, यशाची पानं तुमच्या अंकात जाहिरातवाल्यांनी आधीच घेतली असतील, मी आपली खजुराबद्दल लिहिते. ते म्हणाले, "चालेल, पण हलकंफुलकं ठेवा." प्रयत्न करते.

एचआर हा शब्द जरा मोठा झाला. शारजातल्या एका कंपनीत मी माणसं पुरवायचं काम करत असे. कोणाला गवंडी हवे असत, कोणाला सुतार, कोणाला हंगामापुरते शेतमजूर. मागणी आली की गावोगावचे एजंट माणसं जमवत. मी जाऊन त्यांची परीक्षा घ्यायची, व्हिसाचे कागद करायचे, विमानतळावर त्यांना उतरवून घ्यायचं आणि काम संपलं की परत विमानात बसवून द्यायचं. लोकांना वाटतं की माणूस निवडणं अवघड असेल. ते फार सोपं असतं. गवंड्याला म्हणावं, ही विटांची रास, बांध भिंत; पहिल्या दोन थरांत कळतं. तो माणूस परक्या मुलखात टिकेल का, हे मात्र कुठल्याच परीक्षेत कळत नाही. आणि पगार मला त्या टिकण्याचाच मिळत होता.

मंदी आली तेव्हा दुबईतल्या क्रेन जिथल्या तिथे थांबल्या. आमचे गवंडी कॅम्पात पत्ते खेळत बसले आणि मग एकेक करून परत गेले. आमचे मालक कुट्टीसाहेब केरळचे. आयुष्यात कधी घाबरलेले मी त्यांना पाहिलं नव्हतं, ते त्या वर्षी घाबरले. मग एक दिवस टेबलावर हात आपटून म्हणाले, "मॅडम, टॉवर बंद होगा, खजूर खाना बंद नहीं होगा." अशी आमची कंपनी सिमेंटातून शेतीत आली.

त्याच सुमाराला माझं घरही हललं. नवऱ्याची, अविनाशची, कंपनी बंद पडली. त्याचा व्हिसा गेला आणि त्याच्या व्हिसावर असलेल्या आमच्या मुलीचा, रुचाचाही गेला. माझा व्हिसा माझ्या कंपनीचा, तो शाबूत. तेव्हाच्या नियमांत बाईनं नवऱ्याला आणि मुलीला आपल्या व्हिसावर ठेवायचं तर ती डॉक्टर, शिक्षिका वगैरे असावी लागे. मजूर पुरवणारी बाई त्या यादीत बसत नव्हती. पुण्याच्या फ्लॅटचे हप्ते चालू होते. सगळीकडे नवरे राहिले आणि बायका-मुलं परत गेली, आमच्याकडे उलटं झालं. अल नहदातला दोन बेडरूमचा फ्लॅट सोडून मी शारजातल्या रोल्ला भागात एका खोलीत राहायला आले. सोबत केरळच्या दोन नर्सेस. दोघींच्या ड्यूट्या वेगवेगळ्या, त्यामुळे खोलीत नेहमी कोणीतरी झोपलेलं असायचं आणि जी जागी असायची ती आईशी फोनवर बोलत असायची. मी चहाचा कपसुद्धा आवाज न करता ठेवायला शिकले. आठवडाच्या आठवडा माझ्या तोंडून मराठी शब्द निघायचा तो फोनवर. अविनाश विचारायचा, "जेवलीस?" मी म्हणायचे, "हो." रुचा म्हणायची, "आई, आय हॅव क्लास, कॉल यू लेटर." तो लेटर काही यायचा नाही, आणि तिचंही चुकत नव्हतं, तिला खरंच क्लास असायचा.

खजुराचं काम बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. खजुरात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. वाऱ्याच्या भरवशावर राहिलं तर फळ धरत नाही. म्हणून थंडी सरता सरता माणूस झाडावर चढतो, मादीचा फुलोरा उकलला की त्यात नराच्या फुलांच्या दोन-चार काड्या खोचतो आणि वर सैलसा दोरा बांधतो. याला तिकडे तनबीत म्हणतात. फुलोरा थोडेच दिवस ताजा राहतो, आणि सगळी झाडं काही एका दिवशी फुलत नाहीत, त्यामुळे पुन्हा पुन्हा चढावं लागतं. वेळ चुकली तर त्या झाडाचं वर्ष गेलं. मग उन्हाळ्यात घड उतरवायचे. म्हणजे माणसं लागतात ती वर्षातून दोनदा, आणि दोन्ही वेळा झाडावर चढणारी.

आमच्या ऑफिसात मी वेंगुर्ल्याची, कुट्टीसाहेब कोळिकोडचे, टायपिस्ट मंगळूरचा, ड्रायव्हर गोव्याचा. झाडावर चढणारा माणूस म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर एकच झाड आलं. कोणाला शंकासुद्धा आली नाही. सगळे नारळाच्या खोबऱ्यावर वाढलेले, दुसरं काय सुचणार! कुट्टीसाहेब म्हणत होते केरळातून आणू. मी माहेरचा अभिमान पणाला लावला आणि म्हटलं, माझ्या गावची माणसं बघा. वेंगुर्ल्याला जाऊन एका वाडीत मी परीक्षा घेतली. पायांत दोरीची वळी अडकवून पोरं खारीसारखी माडावर गेली. माझी छाती अशी फुगली की जणू मीच चढून आले आहे. त्यातली डझनभर माणसं निवडली आणि अल धैदला, शारजाच्या आतल्या बाजूला जिथे शेती आहे तिथे, अबू हमद नावाच्या म्हाताऱ्या अरबाच्या मज्र्यावर नेऊन उभी केली. मज्रा म्हणजे तिकडचं शेत.

पहिल्याच सकाळी आमची फजिती झाली. माड गुळगुळीत असतो, त्याला मिठी मारायची, सरसर वर जायचं, नारळ पाडायचे आणि खाली यायचं. खजुराला मिठी मारता येत नाही. बुंध्यावर छाटलेल्या झावळ्यांची खुंटं असतात आणि शेंड्याला बोटभर लांबीचे काटे. तिथला माणूस जाड दोराचा एक पट्टा आपल्या कमरेमागून आणि झाडाभोवती घेतो आणि चक्क मागे रेलतो. अंग झाडापासून लांब, दोन्ही हात मोकळे, आणि तसं रेलून त्यानं निवांत काम करायचं. आमच्या माणसांनी जन्मभर झाड धरलं होतं. त्यांना झाड सोडायला सांगत होते. मुराद नावाचा एक बलुची मुकादम खालून ओरडत होता, "छोड़ो! पेड़ को छोड़ो!" आणि वरून आमचा सदानंद मालवणीत ओरडत होता, "सोडलंय काय थेट खाली!" छात्या सोलवटल्या, सदरे फाटले. अबू हमद खुर्चीवर बसून हे सगळं बघत होता. मला म्हणाला, "मदाम, हादा नफर झाड से शादी बनाता है?" हादा म्हणजे हा, नफर म्हणजे माणूस, मजूर. उंटावरून शेळ्या हाकणारी मी, प्रत्यक्ष उंटांच्या देशात तोंड लपवायला जागा शोधत होते.

पण माणसं शिकली. एकमेकांना शिव्या देत, हसत, खालून वरच्याला धीर देत शिकली. सर्वांत शेवटी शिकला सदानंद. चाळिशीचा, बारीक अंगाचा, बोलका. झाडावर गेला की खालच्याशी गप्पा मारल्याशिवाय त्याचे हात चालायचे नाहीत. एके दिवशी गप्पांच्या नादात तो कधी मागे रेलला, त्याचं त्यालाही कळलं नाही. मला त्यानं ताई म्हणायला सुरुवात केली, कारण त्याचं गाव माझ्या माहेरापासून खाडी ओलांडली की आलंच. तनबीत वेळेत पार पडली. अबू हमदनं सगळ्यांना बकरा खाऊ घातला आणि मी पुन्हा मान वर करून ऑफिसात गेले.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. तनबीत संपल्यावर घड उतरवायला काही महिने असतात. मधल्या काळात मज्र्यावर काम थोडं: पंप चालू करायचा, आळ्यांत पाणी सोडायचं, घड विरळ करायचे, बांधायचे, राखण करायची. त्याला एक माणूस पुरतो. आमच्या धंद्यात हा ठरलेला हिशेबच होता, एका मज्र्याला एक माणूस. बाकीची टोळी मालक लोक आपापसांत वाटून घेत. तशी माझी वेंगुर्ल्याची माणसं पांगली. कोणी रास अल खैमाला, कोणी अल ऐनला, कोणी थेट लिवाच्या वाळवंटात. अबू हमदकडे सदानंद राहिला. सगळ्यांत बोलका माणूस, सगळ्यांत मुक्या जागी. ते कोणी मुद्दाम केलं नव्हतं. अबू हमद म्हणाला, "हा चांगला आहे, याला झाडं समजतात," आणि मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

मज्रा म्हणजे चारी बाजूंनी भिंत, आत खजूर, बाहेर वाळू. एका कोपऱ्यात खोली, खोलीत एसी, फ्रिज, गॅस. अबू हमद दर दोन दिवसांनी येई, तासभर झाडांतून फिरे आणि जाई. माणूस वाईट मुळीच नव्हता. खाणंपिणं भरपूर आणून टाकायचा. सदानंद मला मिस्ड कॉल द्यायचा, मी उलट फोन करायचे. तो तक्रारी करायचा. डाळ शिजत नाही, पाणी मचूळ आहे, पंपाचा आवाज डोक्यात जातो, शेळ्या ऐकत नाहीत. मग विचारायचा, आज काय केलंत जेवायला, कोळंबी मिळते का रोल्लात, केवढ्याला, म्हणजे आपले किती झाले. मी खोलीबाहेरच्या जिन्यात उभी राहून त्याच्याशी बोलायचे, आत नर्स झोपलेली म्हणून. ऑफिसात मी सांगायचे की सदानंद फार डोकं खातो. पण त्याचा मिस्ड कॉल आला नाही की मी फोन हलवून बघायचे.

आणि एका आठवड्यात त्याच्या तक्रारी थांबल्या. मी फोन केला तर "बरा आसा, ताई," एवढंच. पुढच्या वेळी तेवढंही नाही. या धंद्यात एक गोष्ट मी शिकले होते: कुरकुर करणारा माणूस टिकतो, गप्प झालेला माणूस पळतो. मी कुट्टीसाहेबांना म्हटलं, तिथे दुसरा माणूस द्या. ते म्हणाले, "मॅडम, तक्रार करत होता तर प्रॉब्लेम, तक्रार बंद तरी प्रॉब्लेम? ही इज ॲडजस्टेड." दुसऱ्या माणसाचे पैसे कोण देणार, हे त्यांनी विचारलं नाही, पण मला ऐकू आलं.

तेव्हा सुट्टी शुक्रवारी असे, सरकारी ऑफिसांना शनिवारीही. त्या शुक्रवारी सकाळी अबू हमदचा फोन आला. आवाज चढलेला. "वेन नफर? पंप चालू, पाणी सब बाहर, नफर माफी!" वेन नफर, म्हणजे माणूस कुठे; नफर माफी, म्हणजे माणूस नाही.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. मजूर न सांगता कामावरून गेला तर मालक सरकारात त्याची फरारी नोंद करतो. एकदा ती नोंद झाली की माणूस बेकायदा ठरला. पकडला तर कोठडी, मग परत पाठवणी आणि त्या देशाचं दार कायमचं बंद. मालकानं नोंद केली नाही आणि माणूस भलतीकडे काम करताना सापडला, तर मालक अडचणीत. त्यामुळे मालक थांबत नाहीत. सदानंदचा पासपोर्ट अबू हमदच्या कपाटात. ऑफिसं रविवारी उघडणार. अबू हमद म्हणाला, "आज मगरिबपर्यंत, सूर्य बुडेपर्यंत, माणूस आण. नाही तर रविवारी मी जातो, खलास."

मी पहिला प्रश्न विचारला तो नेहमीचा, बॅग आहे का? पळणारा माणूस बॅग घेऊन जातो. बॅग होती. फोन खाटेवर चार्जिंगला लावलेला होता. गणपतीचा फोटो भिंतीवर होता. म्हणजे पळाला नव्हता. मग गेला कुठे? मे महिना होता. अशा उन्हात टोपी-पाण्याशिवाय वाळूत गेलेल्या माणसाचं काय होतं ते मी एकदा शवागाराच्या दारात उभं राहून पाहिलं होतं. मी अबू हमदला म्हटलं, "बाबा, तो पळाला नाही, त्याला शोधा." त्याचा आवाज एकदम खाली आला. "अना रूह," म्हणाला, म्हणजे मी जातो, आणि पिकअप घेऊन मज्र्यामागच्या वाळूत फिरायला निघाला.

मी वेंगुर्ल्याच्या सगळ्यांना फोन लावले. कोणालाच काही माहीत नव्हतं. लिवातला एक जण रडायलाच लागला, सदानंदसाठी की स्वतःसाठी कोण जाणे. अविनाशला फोन केला. तो म्हणाला, "तू एकटी कुठे वाळवंटात जाऊ नकोस, पोलिसांना सांग." पोलिसांना सांगणं म्हणजे नोंद करणंच. दुपारची नमाज झाली आणि मी जुबैलच्या स्टँडवरून धैदची बस धरायला निघाले.

वाटेत रोल्लाचा चौक लागतो. शुक्रवारी दुपारनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. सगळ्या अमिरातीतून मजूर येतात. काही विकत घ्यायचं नसतं, नुसतं उभं राहायचं असतं. पण कोणी कुठेही उभं राहत नाही. बँकेच्या पायऱ्यांवर बांगलादेशातल्या सिल्हेटचे, ज्यूसच्या दुकानासमोर मलप्पुरमचे, ट्रॅव्हल एजंटच्या खिडकीखाली करीमनगरचे. कोणी पाटी लावलेली नाही, तरी नवा आलेला माणूस बरोबर आपल्या कोपऱ्यात पोचतो. तिथे गावच्या बातम्या कळतात, कोणाची म्हैस व्याली, कोणाची सून माहेरी गेली. आपल्या सिंधुदुर्गाचा कोपरा तिथे नव्हता. आपली माणसं तिकडे ऑफिसातली, दुबईच्या करामातल्या आणि अल नहदातल्या फ्लॅटांत राहणारी. त्यांची गणपतीला गाठ पडते ती हॉल बुक करून. चौकात उभं राहायची त्यांना गरज नसते.

मी पदर सावरून कडेकडेनं चालले होते. एकटी बाई म्हणून लोक वाट देत होते. आणि बँकेच्या पायऱ्यांपाशी मला सदानंद दिसला.

सिल्हेटच्या दहा-पंधरा जणांचं कोंडाळं होतं. मधे एक दाढीवाला काहीतरी रंगवून सांगत होता. सदानंद त्या कोंडाळ्यात उभा होता, धुतलेला शर्ट, भांग पाडलेला, हातात कोणीतरी दिलेला चहा. मला असा संताप आला! आमच्या बाजूच्या सगळ्या शिव्या जिभेवर आल्या. मी पुढे झाले. तेवढ्यात दाढीवाल्याचं बोलणं संपलं आणि सगळे खदखदून हसले. सदानंदही हसला. पण जरा मागून. सगळ्यांचं हसू सुरू झाल्यावर त्यानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मग तो हसला, अगदी मनापासून. शेजारच्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. मी होते तिथेच थांबले. मला रडू येत होतं आणि ते मी आवरलंही नाही.

थोड्या वेळानं त्यानं मला पाहिलं. गर्दीतून बाहेर आला, चोरी पकडल्यासारखा.

"सदा, ह्या काय? तुका बंगाली समाजता?"

"नाय, ताई."

"मग हसतंस कित्याक?"

"सगळे हसतत म्हणान."

 मग तोच बोलायला लागला, आठवडाभराचं साठलेलं. पहाटे भाजीच्या लॉरीतून आला होता, संध्याकाळी त्याच लॉरीतून परत जाणार होता. पंप बंद केल्याचं त्याला पक्कं आठवत होतं, पण घाईत तो चालूच राहिला होता. फोनही विसरला होता. "ताई, थंय मी बोललंय तर पंप तेवढो ऐकता. परवा मी शेळयेक हाक मारूक गेलंय, तर आवाजच फुटाना. माका भ्या वाटला. म्हटला, माणसांत जावन येतंय." त्याला फरारी वगैरे काही ठाऊकच नव्हतं. त्याच्या मते तो बाजाराला आला होता. आठवड्याच्या बाजाराला जाण्यात गुन्हा काय, असं तो मला विचारत होता. कायद्यानं त्याला आठवड्याची सुट्टी होतीच. पण एका मज्र्याला एक माणूस, मग तो सुट्टीवर गेला तर पाणी कोण सोडणार?

मी अबू हमदला फोन केला, मिळाला म्हणून.  पलीकडून "अल्हमदुलिल्लाह" आणि लगेच पुन्हा आरडाओरडा. आम्ही बसनं धैदला गेलो. अबू हमद मज्र्याच्या दारात उभा होता, अंगातला लांब झगा, कंदुरा, गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेला. उन्हात वाळू तुडवून म्हाताऱ्याचा चेहरा लाल झाला होता. सदानंदला दिसेल असा पासपोर्ट त्यानं हातात धरला होता. सदानंद खाली मान घालून उभा. अबू हमद त्याच्यावर नाही, माझ्यावर ओरडला. "शू मुश्किल? खाना फी! एसी फी! फुलूस फी! फिर क्यों जाता?" अडचण काय? खाणं आहे, एसी आहे, पैसे आहेत, मग जातो कशाला?

मला अरबी जेमतेम येतं. मी म्हटलं, "बाबा, सब फी. कलाम माफी." सगळं आहे, बोलणं नाही.

तो ओरडायचा थांबला. पासपोर्ट हातात तसाच. बायको गेल्यावर हा म्हातारा मोठ्या घरात राहत होता, मुलं अबू धाबीला, हे मला मुरादनं सांगितलं होतं. पण तेव्हा त्याच्या मनात काय आलं ते मी कसं सांगू? तो एवढंच म्हणाला, "जुम्मा को जाओ. पानी मैं देगा." शुक्रवारी जा, पाणी मी सोडतो. पासपोर्ट खिशात घातला आणि खोलीत जाऊन सदानंदला मूठभर गेल्या वर्षीचे खजूर आणून दिले. नोंद झाली नाही.

त्यानंतर मी ऑफिसात एक हट्ट धरला. मज्र्यावर एकटा माणूस पाठवायचा नाही; दोन पाठवायचे आणि दोघे एका भाषेचे. कुट्टीसाहेबांनी कपाळावर हात मारला. "मॅडम, गिऱ्हाईक जाएगा." गेलीच काही. काही मालकांना दोन चालायचे, पण वेगवेगळ्या देशांचे हवे असत, म्हणजे दोघं संगनमत करणार नाहीत. मी म्हणायचे, संगनमतच करायला पाठवते आहे. एकानं तर सख्खे भाऊच द्या म्हणून आग्रह धरला. दिले. ते बांधावरून गावाकडे जसे भांडत तसेच तिथेही भांडले, पण पळाला कोणी नाही. माझ्या हातून नोकरीत एवढी एक गोष्ट झाली, बढती मात्र टायपिस्टला मिळाली.

सदानंदसाठी दुसरा माणूस त्या हंगामात काही मिळाला नाही. पण शुक्रवारी अबू हमद त्याला स्वतःच्या पिकअपमधून सोडायला लागला. पहिल्या शुक्रवारी मी भल्या सकाळी मासळीबाजारात जाऊन बांगडे आणले. तिरफळं घालून तिखलं केलं. खोलीतल्या नर्सेसना आधी सांगून ठेवलं, गावचा माणूस येणार आहे, थोडं बोलणं होईल. किती काय काय बोलायचं मी मनाशी ठरवलं होतं! सदानंद आला, मोरीशी पाय धुतले, जेवला. "फर्मास झालाहा," म्हणाला. मी खाडीपलीकडच्या जत्रेचा विषय काढला. त्यानं उत्तरं दिली, पण नजर घड्याळाकडे. शेवटी उठलाच. "ताई, जातंय. ते वाट बघतत."

त्याला आता बँकेच्या पायऱ्यांवर वाट बघणारी माणसं मिळाली होती. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण उरलेले बांगडे मी दोन दिवस पुरवून खाल्ले आणि पुढच्या शुक्रवारी आणले नाहीत. खिडकीतून चौकाचा एक तुकडा दिसायचा. नुसती पुरुषांची डोकी. त्या गर्दीत बाईला उभं राहायला कोपरा नव्हता, कुठल्याच भाषेचा.

हंगाम संपला. घड उतरले, माणसं परतीला लागली. वेंगुर्ल्याच्या सगळ्यांना मी एकत्र विमानतळावर नेलं. प्रत्येकाच्या हातात खजुराचा डबा, पासपोर्टावर फरारीचा कसलाही डाग नाही. बाकीचे आत गेले. सदानंद मागे रेंगाळला.

"ताई, तुमी हय कोणावांगडा रवतास?"

"तू बघितलंस ना? दोन नर्सा."

"त्यांका मालवणी येता?"

"नाय."

"तुमका त्यांचा समाजता?"

"नाय रे."

त्यानं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. जरा विचार केला आणि अगदी साधेपणानं म्हणाला, "चला तर मगे, ताई."

मला हसू आलं. तिकीट कुठे, रजा कुठे, पुण्याचा हप्ता, रुचाचं शिक्षण, सगळं एकदम तोंडावर आलं, आणि त्यातलं काही मी बोलले नाही. कारण तो हसत नव्हता. बॅग खाली ठेवून, दाराशी, तो खरंच माझ्या उत्तराची वाट बघत उभा होता.

मी म्हटलं, "जा, सदा. उशीर होतलो."

विमान सुटायला अजून पुष्कळ वेळ होता, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.